घरातच राहणारा कॉम्प्युटर

शहादा,
९ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल, पुण्यात तूही बरा असशील. नानांचा गुडघा दुखतोय, पण ऐकतील ते नाना कसले. कळसाडीहून शहाद्याला मोटारसायकलीवर रोजची चक्कर असतेच. आईने यंदा शेवया भरपूर केल्या, तुझ्या वाट्याच्या वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या.

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. पण फोनवर मी बोलायला लागले की तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला तसं सांगता येत नाही.

अझरुद्दीनभाईंच्या दुकानातून तुला फोन आला तो दिवस आठवतो? डिप्लोमा झाला होता, घरांचे नकाशे काढायला मला कॉम्प्युटर हवा होता. मी लॅपटॉपवर बोट ठेवलं. भाईही म्हणाले, "नाना, तुमना गावमा लाईट जास. लॅपटॉपच लई ल्या, मंग पोरनं काम थांबाव नही." नानांनी तुला फोन लावला आणि बोलत बोलत दुकानाबाहेर गेले. परत आले ते "डेस्कटॉप" म्हणतच. स्क्रीन मोठी, दुरुस्ती सोपी, तेवढ्याच पैशात ताकद जास्त. इंजिनिअर भावाने सांगितलं म्हटल्यावर मी कशाला वाद घालते? यूपीएस नंतर घेऊ म्हणाले. ते नंतर काही उजाडलं नाही.

घरी नारळ फोडला, स्क्रीनला कुंकू लावलं आणि टेबल ओसरीवर मांडलं, तोंड रस्त्याकडे करून. शेजारच्या जसोदाकाकू भाजी निवडायला मुद्दाम माझ्या पाठीमागे येऊन बसायच्या. मी काय करते ते सगळ्या गल्लीला माझ्याआधी कळायचं.

नाशिकच्या कंपनीची ऑनलाइन परीक्षा दिली तेव्हा निम्मे प्रश्न सुटले होते आणि लाईट गेली. लाईट आली तेव्हा स्क्रीनवर लिहिलं होतं, उमेदवाराने परीक्षा अर्धवट सोडली. तू म्हणालास, "नशीब एकेकाचं." मला ते पटलंही होतं, दादा. एवढी मी मूर्ख.

मागच्या आठवड्यात मला बघायला पाहुणे आले होते. पोरगी नोकरीसाठी बाहेर जाणार का, असं त्यांनी विचारलं. नाना हसून तुझं नाव घेत म्हणाले, "नही हो! मन्हा नवनीतनी तव्हयच सांगं, लॅपटॉप दिधा ते पोर बगलमा मारीसन निंघी जाई. डेस्कटॉप घरमाच ऱ्हास." पाहुणे खूष झाले. मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारातच उभी होते.

इतके दिवस मला वाटत होतं, तू लाईटचा विचार करायला विसरलास. तू काहीच विसरला नव्हतास. तुला पुण्याला जाताना नवा लॅपटॉप मिळाला, तेव्हा तू निघून जाशील अशी भीती कुणाला वाटली नाही. आणि तू तर खरंच निघून गेलास. वर्षातून दोनदा येतोस, तेव्हा घर पुरणपोळी करतं.

राग येतो रे. नानांचा कमी येतो, त्यांना जे कळतं ते त्यांनी केलं. तुझा येतो, कारण तुला कळत होतं.

माझ्याबरोबर डिप्लोमा केलेली कामिनी नाशिकला नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात आहे. तिथे तिने माझ्यासाठी शब्द टाकला. अट एकच, कॉम्प्युटर ज्याचा त्याने आणायचा. आज सकाळी आईने मॉनिटर गोधडीत गुंडाळला, सीपीयू कापसाच्या गोणीत घालून दोरीने आवळला. नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आईने एवढंच विचारलं, "तठे लाईट जास नही ना?" तुझ्या वाट्याच्या शेवयाही तिने माझ्याच पिशवीत घातल्या.

हे पत्र बस स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय. शेजारची म्हातारी गोधडीला हात लावून विचारत होती, "काय शे व पोरी यामा?"

मी म्हटलं, "घरमाच ऱ्हास ते."

आखाजीच्या सणाला मुऱ्हाळी होऊन मला न्यायला येऊ नकोस. सासरी दिलेल्या बहिणीला भाऊ न्यायला जातो. मला कुणी दिलेलं नाही, मी माझी निघाले आहे.

तुझ्या सल्ल्याबाहेर गेलेली,
रोहिणी