उपाशीपोटीचा नमुना

सोमवार, ४ मार्च
आले एकदाची नव्या नोकरीच्या दवाखान्यात. बॅग उघडण्याआधी मशीन बघून आले आणि मन खूश झालं. सोनोग्राफीची खोली पहिल्या मजल्याच्या टोकाला, माझी राहायची खोली तिला लागूनच, मधे एक दार. झोपेतून उठून चार पावलांत कामावर! माझं काम पोटातल्या रक्तवाहिन्या बघण्याचं: रक्त कुठून कुठे जातं, किती वेगाने जातं. धाकट्या बहिणीला फोन केला तर म्हणाली, ताई, लोकांच्या पोटात शिरायची सवय तुला होतीच, आता पगार मिळेल.

मोठ्या डॉक्टरांनी इथली एक पद्धत सांगितली. रोज सकाळी, पहिला रुग्ण घेण्याआधी, उपाशीपोटी स्वतःच्या पोटावर प्रोब, म्हणजे मशीनचा तो हातात धरायचा ठोकळा, ठेवायचा आणि तो आलेख ‘आजचा नमुना’ म्हणून साठवायचा. निरोगी प्रवाह समोर असल्याशिवाय दुसऱ्याला आजारी ठरवू नये, असं त्यांचं म्हणणं. मला हे मनापासून पटलं. सभांतून भाषणं ठोकायची माझी सवय जुनी, म्हणून मी तर म्हणते, हा नियम न्यायाधीशांना लावा, संपादकांना लावा, राज्य करणाऱ्यांना आधी लावा. दुसऱ्याचं पोट तपासणाऱ्याने पहिल्यांदा आपल्या पोटात डोकवावं.

मंगळवार, ५ मार्च
पहिला नमुना घेतला. पुस्तकात छापावा असा. आतड्याची धमनी उपाशी माणसाची असावी तशीच: प्रत्येक ठोक्याला उंच टोक, आणि दोन टोकांमध्ये प्रवाह जवळजवळ थांबलेला. जेवल्यावर ही मधली जागा भरून येते. आतड्यातून यकृताकडे जाणारी मोठी शीर संथ, एकाच दिशेने वाहणारी, श्वासाबरोबर किंचित हेलकावणारी. खाल्लेलं सगळं रक्तात मिसळून ह्याच वाटेने जातं. मी तिला घरची वाट म्हणते.

खोली झाडायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, बाईंचं पोट लई सुंदर आहे हो. आजवर हे कौतुक कुणी केलं नव्हतं.

शुक्रवार, ८ मार्च
आज नमुना बिघडला. रात्रीपासून पाण्याचा घोट नाही, तरी आतड्याची धमनी भरपेट जेवलेल्या माणसासारखी वाहत होती. मशीनचा दोष समजून सहा उपाशी रुग्ण तपासले. सगळ्यांचे आलेख बरोबर. पुन्हा स्वतःचा घेतला. जेवलेला.

मोठ्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि ‘नॉर्मल’ लिहून सही करा म्हणाले. मी सही केली नाही. जे दिसलं तेच लिहीन, हे मी शंभर सभांतून सांगितलंय, ते चार भिंतींत गिळायला नव्हे.

रविवार, १० मार्च
दोन दिवस भूक नाही. ताट जसंच्या तसं परत जातं. मावशी काही विचारत नाहीत. विचारायला हवं होतं. माणूस जेवला नाही की इतर कुठलीही मावशी डोकं खाते.

मंगळवार, १२ मार्च
घरची वाट उलटी झाली. मोठ्या शिरेतलं रक्त यकृताकडे जात नाही, यकृतापासून दूर पळतंय. पडद्यावर लाल दिसायचं ते निळं. ते जातं कुठे म्हणून प्रोब सरकवत गेले. बेंबीपाशी पोचले. नाळेतून येणारी शीर जन्मानंतर मिटते, तिची नुसती दोरी उरते. माझी उघडली आहे. रक्त बेंबीकडे येतं, कातडीपाशी येतं, आणि तिथे थांबत नाही.

प्रोब उचलून हुकाला अडकवला. पडद्यावरचा आलेख चालूच राहिला.

बुधवार, १३ मार्च
नमुना घेतला नाही. मशीन बंद केलं, वायर उपटली, बॅग उचलून निघाले. फाटकापर्यंत पोचले. मग बेंबीतून ओढ. वेदना नव्हे, ओढ, गुराच्या गळ्यातला दोर संपावा तशी. डोळ्यांपुढे अंधार. मावशींनी खांदा देऊन वर आणलं. कशाला तडफडता, म्हणाल्या, आधीच्या बाईही तीनदा गेल्या होत्या फाटकापर्यंत.

मीही दुपारनंतर आणखी दोनदा गेले.

गुरुवार, १४ मार्च
मशीनमधले जुने नमुने उघडले. माझ्याआधी पाच जण. प्रत्येकाचं तेच: आधी सुंदर, मग जेवलेलं, मग उलटं. उलटं असं महिनोन्‌महिने. आणि मग एका तारखेला नव्या पोटाचा पहिला नमुना — आणि त्याच दिवशी, तासाभराने, जुन्याची शीर सरळ. जुना सुटलेला.

म्हणजे वाट आहे. दुसरं पोट द्यायचं.

नाही. हे मी करणार नाही. इथे लिहून ठेवते.

शुक्रवार, १५ मार्च
धाकटीचा फोन. तिला म्हटलं, येऊ नकोस, काहीही झालं तरी येऊ नकोस. तेच चुकलं. असं म्हटल्यावर कुठली बहीण घरी बसेल. सकाळच्या गाडीने निघते म्हणाली —

शनिवार, १६ मार्च
मशीनच्या खोलीत आहे. दोन्ही दारांना कडी आतून. मशीनला कुणी हात लावणार नाही.

ती आली. दारापलीकडे आहे. ताई, उघड ना, म्हणतेय. जा म्हटलं. वाटेल ते बोलले. रडली, पण गेली नाही.

मोठे डॉक्टर तिला समजावताहेत. गोड आवाज. प्रवासात काही खाल्लंय का विचारलं. नाही म्हणाली. मग म्हणाले, बरंच झालं, ताईंना कसली भीती वाटते ते तुमच्या पोटावर दाखवतो, दोन मिनिटांचं काम —

दुसरं मशीन. चाकांवरचं. मला माहीत नव्हतं. चाकं वाजताहेत.

कडी काढली. दार उघडत नाही. बाहेरूनही लावलीय, माझ्या खोलीकडच्या दारालाही. मावशी —

ओरडून घसा गेला. सभा गाजवणारा घसा. आवाज पोचत नाही तर अक्षर पोचेल. हा कागद दाराखालून —

धाकटे, उठ. प्रोब टेकवू देऊ नकोस. पोट झाक आणि पळ, माझी वाट बघू नकोस, मी इथे —

भूक. मला भूक लागली. आठ दिवसांनी. पोटात कावळे — नको, धाकटे, उ