गार कपाळ

प्रिय दीपे,

मी ओवीच्या तोंडाजवळ नाक नेलं, तेवढ्यात सीमाने तिला खांद्यावर ओढून घेतलं आणि म्हणाली, "काहून ताई, माह्या पोरीचं तोंड काय हुंगून राहिल्या?" गेल्या गुरुवारची गोष्ट. पाळणाघराच्या दारात, सकाळी, मागे प्रीतमचे वडील स्कूटर बंद करून आपल्या पाळीची वाट पाहत उभे. त्यांनी ऐकलं. मी मागे सरले नाही. पोरीच्या ओठांना संत्र्याच्या गोळीसारखा गोड वास होता. मी विचारलं, सकाळी काय दिलं? ती म्हणाली, पोटात गुबारा धरला होता, त्याचे थेंब दिले. मी म्हटलं, उद्या बाटली आणून दाखव. सीमा शाळेत शिकवते, दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना जाब विचारते. तिला हे सोसलं नाही. "बाटली बी आणीन, बिल बी आणीन. मी चोर आहो काय?" ओवी आठ महिन्यांची. ती आमच्या दोघींकडे बघून हसत होती.

हे सगळं अनुपपासून सुरू झालं, हे तुला माहीत आहे. निदान तेवढं तुला माहीत आहे, असं धरून लिहिते.

त्या सोमवारी सुगत आपल्या पोराला नेहमीसारखा, आठवडाभर माझ्याकडे राहायला, अकोल्याहून सकाळच्या गाडीने घेऊन आला. बडनेऱ्याहून ऑटो केला. मी दारातच बसले होते. माझी पद्धत तू पाहिली आहेस. आधी उलटा हात कपाळाला, मग मानेला, मग दोन्ही तळवे उघडून बघायचे, मग चपला बाहेर, हात साबणाने धुवायचे, मग आत. बहिणीचा मुलगा म्हणून त्याला सूट नाही. कपाळ गार होतं. गार आणि किंचित ओलं. मी मनात म्हटलं, ऑटोत घामेजला असेल. तो आत गेला, सगळ्यांच्या ठोकळ्यांत बसला, ओवीच्या तोंडातलं रबरी बदक काढून आपल्या तोंडात घातलं, परत तिला दिलं. गंगूबाई ओरडल्या, "अबे, उष्टं नोको देऊ तिले!" आम्ही हसलो.

दुपारी त्याचं अंग भाजत होतं. मी तुला ऑफिसात फोन केला. मागे कुणीतरी बोलत होतं, तू बाहेर व्हरांड्यात आलीस. मी विचारलं, घरी काही दिलं होतं का? न विचारता मी कुणाच्याही पोराला औषध देत नाही. तू म्हणालीस, दे ताई, सकाळपासून काहीच दिलेलं नाही. मी पूर्ण मात्रा दिली.

दुसऱ्या दिवशी तळहातांवर फोड आले, तळपायांवर आले, तोंड आतून लाल झालं. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांत फिरतो हा ताप, आपोआप जातो, पण एकाचा दुसऱ्याला लागतो; वेगळं ठेवा. मी अनुपला आतल्या खोलीत ठेवलं, त्याचं ताट, त्याचा टॉवेल, सगळं निराळं. आणि मग शोधायला लागले. कारण सोमवारी सकाळी तो माझ्या दारातून गार कपाळाने आत आला होता. म्हणजे रोग अकोल्याहून आला नव्हता. आदल्या आठवड्यात माझ्याच घरात त्याला लागला होता आणि कुणीतरी तो इथे आणला होता. असा माझा हिशेब.

पहिली मी गंगूबाईंच्या मागे लागले. त्या फरशी पुसताना बादलीत ब्लीचिंग पावडर खरंच टाकतात की नुसतं पाणी फिरवतात, ते स्वयंपाकघरातून बघत राहायची. बादलीजवळ जाऊन वास घ्यायची. लंगोट बदलल्यावर त्या हात धुतात का, साबण ओला आहे का, हे बोट लावून बघायची. पावसाने उघडीप दिली नव्हती, सतरंज्या वाळत नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, दमट सतरंजी का अंथरली? त्यांनी सतरंजी माझ्या पुढ्यात धरली. "हात लावून पाहा. इस्त्री फिरवली मी तिच्यावर, काल तुमी बजारात गेल्या तवा." इस्त्री गरम होती की नाही, याचाही मी विचार केला. इतकं झालं होतं माझं. खेळणी मी स्वतः उकळायला लागले. प्लास्टिकचा हत्ती वितळून एका कानाचा झाला.

मग मी दारात तोंडं हुंगायला लागले. तापाचं औषध गोड असतं, मुलांनी प्यावं म्हणून. घरून पाजून आणलं की तासाभरात कपाळ गार होतं आणि पोर दारातून आत येतं. दुपारी औषध उतरतं, तोवर आई-बाप कामावर. हे मी इतर पाळणाघरवाल्या बायांकडून ऐकलं होतं, आपल्याकडे असं कुणी करणार नाही, असं म्हणायची. आता प्रत्येकाकडे तसंच बघायला लागले. कोण पोराला पटकन सोडून पटकन निघतं. कोण नजर देत नाही. कुणाचं पोर सकाळी फार शहाण्यासारखं बसलं आहे. गंगूबाई म्हणाल्या, "माहाबी वास घेता का? सकाळी कांदा-भाकर खाऊन आली मी." पोरांना हसू आलं. मला आलं नाही.

अशात ओवीच्या ओठांना वास आला. दुसऱ्या दिवशी सीमाने खरंच बाटली आणली, पोटाच्या थेंबांचीच होती. मी झाकण उघडून हुंगलं. वास तोच. तरीही मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, बाटली एक दाखवते आणि पाजते दुसरी.

रविवारी तू आलीस. अनुपला त्या शनिवारी मी अकोल्याला पाठवलं नव्हतं. तू दिवसभर त्याच्या उशाशी बसलीस, त्याला दहीभात भरवलास, तोंडातल्या फोडांमुळे तो रडला की तुझे डोळे भरायचे. संध्याकाळी मागच्या अंगणात आपण दोघी चहा घेत होतो. मी तुला सीमाची सगळी हकीकत सांगितली. थेंब, बाटली, तिचा तोरा. मी म्हटलं, तिनेच आणलं हे. तू कपात बघत होतीस. मग तू हो म्हणून मान हलवलीस.

ती मान मी आज पुन्हा पुन्हा आठवते आहे.

त्याच रात्रीपासून ओवीला ताप आला. सोमवारी सीमाने तिला आणलं नाही. मंगळवारी तिचा फोन आला, पोरगी दूध ओढत नाही, तोंडात फोड आहेत, लघवी झाली नाही. दुपारी दवाखान्यात भरती केली. मला वाईट वाटलं, दीपे, पण खरं लिहिते, त्याआधी मला काही वेगळंच वाटलं होतं. मला वाटलं, बघ, धरली की नाही मी. संध्याकाळी भेटायला गेले. एवढीशी पोर, हाताला फळी बांधून सलाइन लावलेलं. सीमा खाटेच्या कडेला बसली होती. तिने मला बसा म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. नवरा गजेंद्र बाहेरून आला, त्याने मला पाणी दिलं. मी पाणी प्यायले आणि निघाले. डॉक्टर म्हणाले आहेत, धोका नाही.

आता आज दुपारचं.

अनुपचे फोड वाळले आहेत, तळव्यांची सालं निघत आहेत. पण मी त्याला अजून आतल्याच खोलीत ठेवते. गंगूबाई तिथे फरशी पुसत होत्या, मी दारात टॉवेलांच्या घड्या घालत होते. त्याने एका कानाचा हत्ती मांडीवर आडवा घेतला. पाण्याच्या बाटलीचं झाकण हत्तीच्या सोंडेला लावलं आणि म्हणाला, "आ कर माह्या राजा." मग सदऱ्याच्या कडेने सोंड पुसली. मग उलटा हात हत्तीच्या कपाळावर ठेवला. मग थांबला. किती तरी वेळ थांबला, दीपे. तीन वर्षांचं पोर इतकं थांबत नाही. पुन्हा हात ठेवला. "झालं गार," म्हणाला. आणि हत्तीच्या राहिलेल्या कानाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात, "मावशीले नोको सांगू. मावशी घेनार नाही मंग."

गंगूबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोलून राहिलं पोट्टं?" मी म्हटलं, खेळतोय. त्यांनी फडकं बादलीत बुडवलं आणि पिळत राहिल्या, पाणी संपलं तरी पिळत राहिल्या.

नंतर मी त्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं, औषध कधी देते आई? तो म्हणाला, बूट घातल्यावर. मी आणखी विचारलं नाही. लहान मूल विचारलं की हो म्हणतं, हे मला माहीत आहे. सुगतने दिलं असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण सुगत त्याला अनुपच म्हणतो. माह्या राजा कोण म्हणतं, ते तुला मी सांगायला नको. आणि आता मला मागचे सगळे सोमवार आठवत आहेत. कोणत्या सोमवारी कपाळ ओलं होतं, कोणत्या सोमवारी तो आल्या आल्या झोपला. जिथे काही नव्हतं तिथेही मला ते दिसत असेल. ही खोड लागली की सुटत नाही.

तुझं मला कळत नाही, असं नाही. नोकरी अजून कायम झालेली नाही. रजा टाकली की साहेब कपाळाला आठ्या घालतो. तुझ्या सासूबाई, दुर्गाबाई, तुला तोंडावर म्हणाल्या होत्या, "बिमार पोराले घरी ठेवून नोकरीले जाते, अशी कशी माय?" आणि उन्हाळ्यात अनुपला ताप होता तेव्हा मीच सुगतला दारातून परत पाठवलं होतं, त्याच दिवशी, दुसऱ्या गाडीने. दुर्गाबाईंना तेव्हा आणखी बोलायला मिळालं असेल. त्या दिवशी मी चुकले असं मला अजून वाटत नाही. ओवीकडे बघितलं तर आज जास्तच वाटत नाही. पण तू बूट घालून झाल्यावर त्याच्या कपाळावर हात ठेवून बसलेली असशील, गाडीची वेळ होत आलेली असेल, ते मला दिसतं. पाजलंस ते मी एक वेळ समजून घेईन. मी फोनवर विचारलं तेव्हा नाही म्हणालीस, आणि मी त्यावर आणखी औषध दिलं, ते समजून घेणं मला जमत नाही. आणि ती मान.

फोन केला नाही, कारण मी फोन केला की दुर्गाबाई टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि तू "हो ताई, हो ताई" एवढंच बोलतेस. हे पाकीट शनिवारी सुगतच्या हाती देईन, अनुपबरोबर. सुगतला यातलं काही ठाऊक आहे का, मला ठाऊक नाही; म्हणून चिकटवलं आहे. आधी लिहिते आहे ते एवढ्यासाठी की उद्या सकाळी सीमा ओवीचे कपडे न्यायला येणार आहे. मी तिला चोर ठरवलं ते दारात, चार माणसांत. उद्या त्याच दारात, त्याच माणसांत, मी सांगणार आहे की ताप माझ्या घरातून गेला, माझ्या बहिणीच्या मुलाकडून, आणि त्याला औषध पाजून आणलं होतं. तुझं नाव घेईन. त्यानंतर इथे किती मुलं राहतील, मला माहीत नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. आणि पुढच्या सोमवारी अनुपला सुगतबरोबर पाठवू नकोस. तू घेऊन ये. रजा टाक, साहेबाला जे सांगायचं ते सांग, पण त्या दारात तू उभी राहा आणि सकाळी त्याला काय दिलं, काय नाही, ते मला सगळ्यांसमोर सांग. तरच मी त्याला आत घेईन.

तुझीच, रागावलेली असले तरी,
माया ताई

शुक्रवार, सकाळ. सीमा आली नाही, गजेंद्र आला. मी त्याला आणि दारात होते त्या सगळ्यांना सांगितलं. प्रीतमचे वडील प्रीतमला घेऊन परत गेले. गजेंद्रने ओवीचे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाला, "सीमाले तुमीच सांगा, ताई. माह्या तोंडून नाही ऐकायची ते." मुलं गंगूबाईंवर सोपवली आहेत. मी दवाखान्यात चालले आहे.