कोपर टेकायचे दांडे

३ नोव्हेंबर, सकाळ
ठरलं. डिसेंबरच्या ट्रायथलॉनमध्ये घरची टीम. मुलगा दुर्गेश पोहणार, सूनबाई करिष्मा पळणार, मधली सायकल माझी. सायकल चालवणार होता तो दुर्गेशचा मित्र सुशील आजारी पडला, त्याची रोड बाइक, म्हणजे शर्यतीची सायकल, आमच्याच घरी आहे. पण मला विचारण्याचं ते कारण नाही. करिष्मा म्हणाली, "बाबा, वीस किलोमीटर हळूहळू चालवाल का?" हळूहळू हा शब्द मला टेन्शन येऊ नये म्हणून.
बायको पुष्पलता म्हणाली, "मान वर होत नाही तुमची, अन् शर्यतीत चालले." स्वभावच तिचा.

७ नोव्हेंबर
मोबाइलवर पाहिलं. सायकलवाल्याचा खरा शत्रू म्हणजे हवा. त्यासाठी एरोबार लागतात. हँडलवर क्लॅम्पने बसवायचे, पुढे निघालेले दोन दांडे, कोपर टेकायला गाद्या. माणूस खाली वाकतो, हवा पाठीवरून निघून जाते. सायकल चालवणं उद्यापासून. आधी दांडे निवडतो.

११ नोव्हेंबर
धरमपेठेतलं सायकलचं दुकान. सरळ दांडे, वाकडे दांडे, आखूड, लांब. सगळ्यांचे क्लॅम्प उघडून पाहिले. हिंगण्याच्या कंपनीत आयुष्य नटबोल्टात गेलं. आठवी पास असलो तरी क्लॅम्प मला कोणी शिकवू नये.
दुकानातली पोरगी श्वेता म्हणाली, "काकाजी, मान वर करून दाखवा." दाखवली. म्हणाली, "हे वर होय? मग उंच गाद्यांचा सेट घ्या. अन् ब्रेक जुन्या हँडलवरच राहते, दांडे धरले की हात पोचत नाही. मोकळ्या रस्त्यावर सवय करा आधी."
कमिशनवर असेल. सगळ्यात कमी उंचीच्या गाद्यांचा सेट घेतला.

१९ नोव्हेंबर
सराव जोरात. सकाळी रस्त्यावर धूळ, दुपारी ऊन, संध्याकाळी कुत्री. म्हणून सायकल गॅलरीत स्टँडवर. नुसता वाकून बसतो. पाय नंतर. आधी पोझिशन.
एक लहानशी अडचण. वाकलं की फक्त पुढचं चाक दिसतं. पुष्पलता मेथी निवडत होती. म्हणाली, "पुढचं दिसत नाही तर जासान कुठं?"
 

२८ नोव्हेंबर
इलाज निघाला. जुन्या स्कूटरचा आरसा दांड्यांच्या मध्ये, काच वर करून. खाली पाहिलं की त्यात पुढचं दिसतं. सैल बसला, म्हणून ट्यूबची पट्टी गुंडाळली. असं डोकं त्या दुकानात कोणाला नाही.
शेजारचे महादेवराव कंपाउंडवरून म्हणाले, "काहून गा मारोतराव, दाढी करून राहिला का?" माझ्याच वयाचा माणूस. रोज साध्या सायकलवर दूध आणतो. त्याला सायकलिंगमधलं काय कळणार.

७ डिसेंबर, संध्याकाळ
उद्या रस्त्यावर पहिली राइड. दुर्गेश सोबत येतो म्हणाला. नको म्हटलं, मागे पडशील. टायरची हवा चारदा तपासली. थंडीत कमी होते.

८ डिसेंबर
डावं मनगट प्लास्टरमध्ये, गुडघ्याला पट्टा.
आमच्या गेटपासून महादेवरावांच्या गेटपर्यंत राइड उत्तम झाली. हवा अजिबात लागली नाही. आरशात त्यांचं कडुनिंबाचं झाड अगदी स्पष्ट दिसत होतं. गेट झाडाखाली होतं, ते आरशात आलं नाही.
महादेवराव धावत आले. आधी गेट पाहिलं, मग मला.

१० डिसेंबर
करिष्माला म्हटलं, यंदा माझ्यामुळे टीमला जाता येणार नाही, मनाला लावून घेऊ नका. ती म्हणाली, "महादेवकाका तयार आहेत, बाबा. नाव बदललं." दुधाच्या सायकलवर? "हो. त्यांना पुढचं दिसते."
दुर्गेश हसला. मला ऐकू आलं नाही.

१४ डिसेंबर
वॉकर आणला. मनगटाने धरता येत नाही. दुर्गेशने माझे एरोबार काढून वॉकरवर बसवले. पाइप बारीक, तर माझीच ट्यूबची पट्टी वापरली. म्हणाला, "आता टेका कोपर."
क्लॅम्प एकदम पक्का बसला. माल चांगला निवडला होता.

१५ डिसेंबर, दुपार
तिघं शर्यतीहून मेडल घालून आले. महादेवराव सायकलमध्ये सगळ्यात शेवटी. पण पोचले. पुष्पलताने त्यांना पोहे दिले, वर शेव घालून.
निघताना त्यांनी मेडल माझ्या वॉकरच्या डाव्या दांड्याला अडकवलं. "राहू दे गा इथं. मले दूध आणाले जायचं आहे."
मेडलने वॉकर डावीकडे ओढला जातो. बाथरूमपर्यंत दोनदा थांबावं लागलं. उंची मात्र बरोबर आहे. कोपर छान टेकतात, मानेला त्रास नाही.
समोरचंही दिसतं. बाथरूमचं दार आहे.