खिंड दिसत नव्हती

नाना, तुमच्या त्या विमानतळाला मी विमानतळ कधी म्हटलंच नाही. पार उत्तरेच्या टोकाला, डोंगरांच्या बेचक्यात एक पट्टी, पत्र्याच्या दोन खोल्या आणि पट्टीवर आलेल्या गाई हाकणारा एक शिपाई. पण तुमचा रुबाब असा, की सगळं आकाश तुमच्याच परवानगीने उघडतंय. सुट्टीवर बडोद्याला आलात की दांडिया बाजारातल्या फरसाणवाल्यापुढे तेच पुराण. "एटले बस-स्टँड ज ने, साहेब?" म्हणजे बस-स्टँडच ना, असं तो म्हणाला तेव्हा मी मनापासून हसले होते. तुम्ही मात्र त्याला समजावत बसलात. दरीत शिरण्याआधी वैमानिक वरून विचारतो, खिंड दिसते का? मग तुम्ही बाहेर जाऊन बघता. दिसते म्हणालात तर विमान उतरतं, नाही म्हणालात तर माघारी जातं.

आई गेली त्या दिवशी बडोद्यात लख्ख ऊन होतं. दवाखान्यात ती सारखी विचारत होती, "हे निघाले का गं?" मी हो म्हणत होते. तुमची बॅग भरलेली होती, तुम्हाला घ्यायला येणारं विमान तिकडे पोचत आलं होतं. वैमानिकाने विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. ती गेल्यावर उगवलात, आणि दारातच म्हणालात, "खिंड दिसत नव्हती, बाळ." मोठे हरिश्चंद्र लागून गेलात! खरेपणा तुमचा आणि भोगलं तिने. मावशीला तुमचं कौतुक, मला किळस आली होती. तुम्ही आणलेले जर्दाळू मी कामवालीला देऊन टाकले.

आता मी बडोद्यातच, विमानतळाजवळ समाला राहते. घरावरून विमानं जातात, मी वर बघत नाही. परवा मात्र लेकीने हट्टच धरला, आजोबा नोकरीला होते ते गाव बघायचं. निघालो. डोंगर जवळ आले, खिडकीबाहेर नुसता पांढरा ढग, आणि विमान वळलं. खिंड दिसत नाही, परत जातोय, असं वैमानिकाने सांगितलं. शेजारचे गृहस्थ तणतणले, "खाली बसून नाही म्हणायला यांचं काय जातंय!" अगदी माझ्याच मनातलं बोलले. त्यांच्या सुरात सूर मिळवायला मी तोंड उघडलं. लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

मी तोंड मिटलं, नाना. खाली उभं राहून जो कोणी नाही म्हणाला, त्याला मनातल्या मनात हात जोडले. तुम्हाला नव्हे, त्याला. आईच्या फोटोसमोर हे अजून बोलले नाही. आणि तुम्ही गेलात तिथे हे पत्र पोचायचं नाही तेच बरं, नाहीतर लगेच फरसाणवाल्याला सांगायला जाल.