विलासला गावकीतून एक्स्पेल करण्याबाबत

१७ मार्च १९९५, धुळवड
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. काल होळीपुढे मी गावाला चार शब्द सांगत होतो, विषय शिस्त. मध्येच विलासने हातातून माईक काढून घेतला. म्हणाला, "होळी इझायला आली, आता पुरं कर." सगळे हसले. हसणाऱ्यांना माफ केलं. विलासला नाही. त्याला गावकीतून काढायचा. नऊ मेला भूमिकाचं लग्न. त्याआधी गावाला कळलं पाहिजे, नवरीचा बाप कोण आहे ते.

१९ मार्च, रविवार
पेणला लग्नपत्रिका छापायला टाकायच्या होत्या. त्या पैशांत इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली. बायकोला, अनिताला सांगितलं, प्रेसवाला बाहेरगावी गेलाय. ठराव इंग्रजीत मांडणार. 'वाळीत टाका' काय, कोणीही म्हणेल. इंग्रजी शब्द पडला की माणसं सरळ बसतात. माझं इंग्रजी कंपनीत तयार झालेलं आहे. साहेबांची सगळी पत्रं मीच पाकिटात घालतो.

२१ मार्च, कासू ते रोहा, गाडीत
अभ्यास. इव्हिक्ट: घरातून काढणे, भाडेकरूला वगैरे. विलासचं घर स्वतःचं. बाद. आउस्ट: खुर्चीवरून हटवणे. विलासला खुर्ची कुठली? ईजेक्ट: जोराने बाहेर फेकणे. टेपरेकॉर्डरवर बटण असतं. विलास कॅसेट नाही. एक्स्पेल: शाळेतून, पक्षातून, संस्थेतून हकालपट्टी करणे. हाच! फुप्फुसातून हवा बाहेर टाकणे असाही अर्थ दिलाय, तो बैठकीत सांगायचा नाही. वापर: अमक्याला एक्स्पेल, मग 'फ्रॉम', मग तमकं. 'फ्रॉम' विसरायचं नाही.

२६ मार्च
पत्रिका राहिल्या. ठराव पाठ करत होतो. अनिता म्हणाली, "अवो, माईकच घेतला ना? जमीन तं नाय घेतली." बायकांना तत्त्व कळत नाही.

२ एप्रिल, रविवार. देवळात बैठक
ठराव मांडला. "आय प्रपोज टू एक्स्पेल विलास फ्रॉम गावकी." 'फ्रॉम' आलं. गावकीचे प्रमुख हैबतराव म्हणाले, "प्रविण, आमाला समजंल असा मराठीत बोल." मी एवढंच म्हटलं की अडाण्यांच्या बैठकीत मराठीचाही उपयोग नाही. सगळे हैबतरावांकडे बघायला लागले. परिणाम झालाच. मग सांगून टाकलं, ऐकलं नाहीत तर इंग्रजीत वर अर्ज करीन, सगळी गावकीच एक्स्पेल होईल.
हैबतरावांनी मला बाहेर बसायला सांगितलं. ठराव मांडणाऱ्याने चर्चेला थांबू नये, अशी पद्धत असावी. पायरीवर बसलो. बैठक सुटल्यावर लोक माझ्याकडे न बघता गेले. हैबतराव जाता जाता म्हणाले, "निकाल झालाय. एकमतानं."
जिंकलो.

४ एप्रिल
निकालाचा धाक जाणवतो. नाक्यावर गेलो की बोलणं थांबतं, माणसं उठून मला जागा करून देतात. आख्खं बाकडं मिळालं. चहावाला मोतीराम मात्र कपबशा धूत राहिला, चहा दिला नाही. विलासशी लोक अजून बोलतात. निरोपाचं बोलत असतील.

१० एप्रिल
गिरणीवरून दळण तसंच परत आलं. वीज नसेल. गिरणीचा आवाज येत होता, पण तो कशाचाही असू शकतो. अनिता म्हणाली, महत्त्वाचं बोलायचंय. उद्या ऐकेन. आज आभाराचं भाषण लिहितोय.

१६ एप्रिल
पत्रिका छापून आल्या. घरोघर गेलो, दारं बंद. उन्हाचे झोपले असतील. प्रत्येक उंबऱ्यावर पत्रिका ठेवून वर दगड ठेवला. संध्याकाळी सगळ्या पत्रिका आमच्या ओटीवर. वाऱ्याने आल्या म्हणावं, तर दगडही आलेत.

२० एप्रिल
धोंडुबाई धवलारणीकडे गेलो. भटजी एक वेळ उशिरा आला तरी चालतं, पण धवलारणीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. ती माझ्याशी बोलेना. अंगणातल्या कोंबडीला म्हणाली, "सांग गो याला, गावकीचा निरोप आल्याबिगर मी नाय येनार." वयोमानाने होतं असं. पण रात्रभर झोप नाही.

२१ एप्रिल
अनिताने दार लावलं, पुढ्यात उभी राहिली आणि सांगितलं. "विलासला नाय, तुमाला काढलाय. आपला आख्खा घर वाळीत हाय. बोलंल त्याला दंड." बैठकीच्या दिवसापासून. म्हणजे तिला, भूमिकाला, सगळ्या गावाला ठाऊक होतं.
गैरसमज असावा. ठराव माझा होता.

२३ एप्रिल
इंग्रजीत अपील लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झालं. भूमिका चुलीपाशी बसून रडत होती. नवऱ्याकडच्यांना कळलं तर सोयरीक मोडेल म्हणाली. मी तिला धीर दिला, अपील जोरदार आहे म्हटलं. ती आणखी रडायला लागली.

३० एप्रिल
अजून पहिलंच वाक्य. उद्यापासून नेटाने. अनिता मला न विचारता नारळ घेऊन देवळात गेली. हैबतरावांपुढे नारळ ठेवला, पदर पसरला. विलासनेच तिची बाजू मांडली म्हणे. गावकीने घर परत घेतलं.
मी म्हटलं, बघ, मिटलं ना शेवटी. ती खाली बघत म्हणाली, "घर घेतलाय. तुमाला नाय." कन्यादान तिचा भाऊ करणार, रोह्याजवळच्या अष्टमी गावचा कमळाकर. हे मला मान्य नाही. कोणाला सांगू?

७ मे
मांडव घालायला गाव आलं. विलास बांबू उचलायला सर्वांत पुढे. मी सुतळी धरायला गेलो. त्याने माझ्या हातातली सुतळी न घेता दुसरी सोडवली. बाकीच्यांनीही मला वळसा घालून काम केलं. शेवटी मागच्या खोलीत येऊन बसलो. उकडतंय फार.

९ मे
मांडव गच्च भरलाय. मला मागच्या खोलीतून निम्मा दिसतो. तांदूळ मी इथूनच टाकले. कोणाच्या डोक्यावर पडले कळलं नाही.
धोंडुबाईचा आवाज अजून खणखणीत आहे. नवरीच्या बापाचं नाव धवल्यात कुठे येतं ते मला पाठ आहे. ती तिथपर्यंत आली आणि कमळाकरचं नाव घेऊन पुढे गेली. मला फार वाईट वाटलं. हे लिहायचं नव्हतं.
निघताना भूमिका आत आली, पाया पडली. मी म्हटलं, सुखात राहा गो. तिने दाराकडे पाहिलं. दारात बायका उभ्या होत्या. ती काही न बोलता गेली.