पाच पूर्णांक चार छेद सहा

९ जानेवारी २००१
रोजनिशी सुरू. गेल्या वर्षी बायको रत्नव्वा जिन्यावरून पडली, कमरेखालचं अंग गेलं. हात आणि तोंड मात्र खणखणीत. शेजारची बायडाबाई आणि मी तिला उचलून संडासला नेतो. रत्नव्वाचं एकच मागणं: दार लावून एकटीला बसू द्या. म्हटलं, मी आहे ना! अंगणात कमोडचं बाथरूम बांधणार. प्लॅन माझाच. इंजिनिअर कशाला?

११ जानेवारी
लांबी काढली. कमोडला २ ३/४ फूट, पुढं चाकाच्या खुर्चीला ३ १/२. पूर्णांकात पूर्णांक, वरच्यात वरचे, खालच्यात खालचे. उत्तर ५ ४/६. म्हणजे पाच फूट आठ इंच. रत्नव्वा खाटेवरूनच म्हणाली, पावणेतीन आन् साडेतीन म्हंजे सव्वासहा की हो. बापाच्या कापडदुकानात पावकी-निमकीचे पाढे पाठ केलेले. दुकानदारी हिशेब! वाद नको म्हणून तिला कागद दाखवला नाही.

१८ जानेवारी
केरबा गवंड्यानं दोरी लावली. म्हणाला, मालक, लई तोकडं हुतंय न्हवं? म्हटलं, हे गणित आहे, अंदाज नाही. गप कामाला लागला.

६ फेब्रुवारी
निळ्या टाइल्स बसल्या. अख्ख्या मंगळवार पेठेत असं बाथरूम नसेल. रत्नव्वानं दोनदा विचारलं, दार घट्ट लागतंय न्हवं? म्हटलं, सरप्राइज आहे.

१० फेब्रुवारी
उद्घाटन. नारळ फोडला. खुर्ची आत गेली. दार लागेना. खुर्ची सात इंच बाहेर. समोर नळ, नळावर बायका. रत्नव्वानं पदर तोंडावर ओढला. हल्ली खुर्च्या फारच लांब बनवतात.

१२ फेब्रुवारी
केरबा म्हणतो, म्होरली भिंत पाडून सरकवूया, आठवड्याचं काम हाय. टाइल्स फुटतील. शिवाय पाडायचं म्हणजे आकडा चुकला असं होईल. पडदा लावला. फुलाफुलांचा, छान दिसतो.

२० फेब्रुवारी
वाऱ्यानं पडदा उडतो. खाली खडे शिवायला हवेत. उद्या नक्की.

१ मार्च
खडे राहिले. पण रत्नव्वाची तहान कमी झालीय. दिवसभरात जेमतेम पेलाभर पाणी. तब्येत सुधारतेय. बायडाबाई नळावरून ओरडली, बाईमाणूस हाय ती, पाणी का पीत न्हाय ते कळंना व्हय तुमास्नी? या बाईला दुसऱ्याच्या घरात फार लक्ष.

९ मार्च
दवाखाना. थंडीताप, लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, पाणी का देत नव्हता? म्हटलं, देत होतो. भीती वाटली. घरी येऊन बाथरूमपुढं उभा राहिलो. टाइल्स खरंच चांगल्या आहेत.

१४ मार्च
ताप उतरला. रत्नव्वा स्वतःच खुर्ची ढकलत दवाखान्याच्या बाथरूमात जाते, दार लावते, बराच वेळ बाहेर येत नाही. मी बाहेर थांबतो. आज आली तेव्हा म्हटलं, उद्या डिस्चार्ज, घरी जायचं. तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावून निम्मा संपवला. मग म्हणाली, मला हितंच ऱ्हाऊ द्या की.