हातरुमालातला बाळकृष्ण

आई, तुमचा बाळकृष्ण ऑस्ट्रेलियाला जाऊन आला. आधी हेच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर आमची तब्येत विचारायच्या आधी हे विचारलं असतं, "आणि देवाचं काय केलंस?" बरोबर नेला होता. सुखरूप परत आणला. आत्ता तो विलायतेत, वॉटफर्डच्या आमच्या स्वयंपाकघरात, बॉयलरशेजारच्या फळीवर रांगतोय, आणि मी खाली टेबलाशी बसून खर्चाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितेय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा दर महिन्याला पत्र लिहायचे, पण तुम्हाला वाचता येत नव्हतं. शेजारचे मास्तर ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणून मनातलं त्यात कधी उतरलंच नाही. सून खुशाल, मुलगा खुशाल, थंडी फार. आज वाचून दाखवणारं मध्ये कुणी नाही.

लग्नानंतर वर्षभराने मी इकडे यायला निघाले तेव्हा साताऱ्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही माझ्या हातात पितळेचा डबा दिलात. आत तांदूळ, तांदळात बाळकृष्ण. "गावाला जाताना देव असाच न्यायचा," तुम्ही म्हणालात. "तांदळात असला की त्याला भूक लागत नाही. पण तीन दिवस, वर नाही. आणि घरात एकदा बसवलास की एका दिवसाचाही खंड पडता कामा नये." मी वीस वर्षांची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. परीक्षेची सूचना पाठ करावी तसं मी ते पाठ केलं. विमानात डबा मांडीवर धरून बसले होते. हे म्हणाले, "त्याला खिडकी दे, तू इकडे सरक."

तुम्ही एकदाच आमच्याकडे आलात, तीन महिने. त्यातली एक सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. बाहेर दव गोठलंय, मी सिंकपाशी उभी राहून देवाला नळाखाली धरलंय, आणि मागून तुमचा आवाज येतो, "ह्या थंडीत त्याला गार पाणी? आधी तुझा हात घाल बघू." मी घालते. "गार आहे," म्हणते. "मग तो काय दगडाचा आहे?" "पितळेचा आहे," पेपराआडून तुमचा मुलगा म्हणतो. आणि तुम्ही हसलात, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. त्या दिवसापासून मी किटलीतलं पाणी कोमट करून घेते. जाताना तुम्ही उरलेल्या लोकरीची, लिंबाएवढी टोपी विणून त्याच्या डोक्यावर बसवलीत. ती अजून आहे. हिवाळ्यात घालते.

पण त्या तीन महिन्यांत एका पत्राचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही नाही. तुम्ही येण्याच्या दोन वर्षं आधीचं ते पत्र. मला पाचवा महिना होता. एका सकाळी उठले तीच रक्तात. चार दिवस हॉस्पिटलात होते, हे माझ्या उशाशी, आणि घरी देव चार दिवस पारोसा. मूल गेलं. घरी आल्यावर मी तुम्हाला सगळं लिहिलं, पूजेत खंड पडला हेही लिहिलं. लपवता आलं असतं, पण मला जमलं नाही. तुमचं उत्तर आलं ते मास्तरांच्या त्या सुरेख वळणदार अक्षरात, "देवाला उपाशी ठेवलंस, मग घरात दुसरं काय होणार." आई, आधी रक्त गेलं आणि मग पूजा राहिली. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे मला नीट ठाऊक होतं. तरी मनात ते उलटं जाऊन बसलं आणि तसंच राहिलं.

तुम्ही परत गेल्यावर दोन वर्षांनी तुमची नात झाली. तिच्या वेळी आठव्या महिन्यातच मी ह्यांना पूजा शिकवून ठेवली होती, मी हॉस्पिटलात असले तरी खंड नको म्हणून. त्यानंतर मी एकही रात्र घराबाहेर काढली नाही. लेक कार्डिफला शिकायला गेली, तिथल्याच हॉस्पिटलात नोकरीला लागली. तिच्याकडेही पहाटेच्या ट्रेनने जायचे आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत. इथल्या मंडळात बायका म्हणायच्या, काय निष्ठा आहे हो तुमची. निष्ठा होती, नाही असं नाही. पण रोज पाणी घालताना पोटात एक गोळा असायचा. आज चुकलं तर उद्या कुणाला काय होईल, हा.

हे छापखान्यात होते ते तुम्हाला माहीत आहे. एका वर्षी तिथे प्रवास कंपनीचं कॅलेंडर छापलं. त्यातला एक बिघडलेला कागद हे घरी घेऊन आले. ऑस्ट्रेलियाचा किनारा, कड्याच्या काठाने वळत जाणारा रस्ता, खाली समुद्र. रंग सरकलेले, त्यामुळे प्रत्येक लाटेला बाजूला एक निळी सावली. तो कागद ह्यांनी चहासाखरेच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. "रिटायर झालो की ह्या रस्त्यावर गाडी चालवणार. तू शेजारी." मी म्हणायचे, "आणि देव?" दरवर्षी एकदा तरी हे बोलणं व्हायचं आणि दरवर्षी त्याच एका शब्दावर संपायचं. मग गेल्या वर्षी ह्यांच्या छातीत दुखलं, दोन स्टेंट घातले. घरी आल्यावर पहिल्या सकाळी चहासाठी ह्यांनी कपाट उघडलं, कागदाकडे बघत उभे राहिले, आणि दार हळूच लावून घेतलं. भांडले असते तर मी सोसलं असतं. ते हळूच दार लावणं मला सोसलं नाही. महिन्याभराने डॉक्टर म्हणाले, आता प्रवास करायला हरकत नाही. घरी येताना बसमध्येच मी म्हटलं, "तिकिटांचं बघा."

"कसली तिकिटं?"

"कपाटातली."

मग ह्यांनीच विचारलं, "आणि देव?"

"येईल की. त्यानं काय पाप केलंय?"

लेकीचा फोन आला. "आई, देव माझ्याकडे ठेव ना. मी करेन पूजा. फक्त लिहून दे, कुठला पाणी, कुठली फूल." तिची मराठी अशीच, पण मन तुमच्यासारखं नेटकं आहे. मी तिला नाही म्हटलं. मला तिच्या मानेवर ते ओझं द्यायचं नव्हतं. उगाच तिचं काही चुकायचं आणि मग जन्मभर ती मोजत बसायची.

तोच डबा काढला, नवे तांदूळ भरले. गंगेच्या पाण्याची बाटली आता विमानात पारदर्शक पिशवीत घालून दाखवावी लागते, तीही दाखवली. उतरायच्या आधी एक कार्ड भरायला दिलं, धान्य, बी-बियाणं, खायचं काही बरोबर आहे का. हे म्हणाले, "मूठभर तांदूळ. 'नाही'वर खूण कर आणि झोप."

"देवाच्या डब्याबद्दल खोटं लिहू?"

"तो काय कार्ड वाचणार आहे?"

"मी वाचलंय ना."

मी 'हो'वर खूण केली. आणि सिडनीला आम्हाला बाजूला घेतलं. बाहेरचं धान्य त्या देशात चालत नाही, कीड जाते म्हणून. टेबलापलीकडे माझ्याच वयाची बाई, केस पांढरे, हातात निळे मोजे. तिने डबा उघडला, आत बघितलं, आणि हात मागे घेतला. इंग्रजीत विचारलं, "ह्याला मी हात लावू, की तुम्ही काढाल?" आई, आपल्या माणसांनीही मला इतक्या अदबीने कधी विचारलं नाही. मीच काढला. एक दाणा त्याच्या दुमडलेल्या गुडघ्यात अडकला होता. तो तिने बारीक ब्रशने अलगद सोडवला. "सॉरी डार्लिंग, द राइस हॅज टू गो," म्हणाली आणि तांदूळ पिवळ्या पिशवीत ओतले. मी तिथेच रडायला लागले. ज्या तांदळात त्याला भूक लागत नाही ते तांदूळ गेले, पुढे चार आठवड्यांचा रस्ता. ह्यांनी खिशातून चौकटीचा रुमाल काढला. मला वाटलं, डोळे पुसायला. "त्याला गुंडाळ," हे म्हणाले. "इस्त्रीचा आहे."

तर सिडनीपासून खाली मेलबर्नकडे तुमचा बाळकृष्ण रुमालात, माझ्या पर्समध्ये, माझ्या मांडीवर. गाडी भाड्याची, पांढरी, लहानशी. तिथेही गाड्या डावीकडूनच, त्यामुळे समुद्र सगळा माझ्या खिडकीत. रोज सकाळी मोटेलच्या खोलीत अंघोळ, मग स्टीलची वाटी पालथी घालून त्यावर देव. किटली प्रत्येक खोलीत असते, म्हणजे कोमट पाण्याची सोय. खोलीत चहासाठी दुधाच्या इवल्या डब्या आणि साखरेच्या पुड्या ठेवतात. आम्ही बिनसाखरेचा कोरा चहा प्यायचो आणि ते दूधसाखर नैवेद्याला. हे चिडवायचे, "विचार त्याला, कालच्या मोटेलचं दूध बरं होतं की आजचं?" आवारातलं एखादं फूल मी रुमालात त्याच्याजवळ ठेवायचे, नाव माहीत नसलेलं. आणि दिवसभर प्रत्येक वळणाला हे गाडी हळू करून म्हणायचे, "हाच का गं तो?" मी म्हणायचे, "नाही, कड्याला झाडं होती." मला तो कागद ह्यांच्यापेक्षा जास्त पाठ होता.

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे ह्यांनी मला हलवून उठवलं. समुद्रातून सूर्य वर येताना बघायचा होता. "पूजा वाटेत कुठेतरी थांबून कर," म्हणाले. सामान गाडीत टाकून निघालो. सूर्य बघितला. मग ह्यांना पुढचं वळण बघायचं होतं, मग त्याच्या पुढचं. आणि एका ठिकाणी गाडी थांबवून हे म्हणाले, "हाच."

"कशावरून?"

"डोळे बारीक कर. रंग सरकतात बघ."

मी केले. खरंच सरकले. आई, तो दिवस आम्ही तिथेच काढला. कागदात गुंडाळलेल्या चिप्स खाल्ल्या, अर्ध्या सीगलनी पळवल्या. लेकीची पँट घातली होती, ती गुडघ्यापर्यंत दुमडून मी पाण्यात उतरले. हे ओरडत होते, "पुढे जाऊ नकोस!" आणि मी गेले. संध्याकाळी खोलीवर पोचलो आणि दमून झोपलो.

दुसऱ्या सकाळी रुमाल सोडला, तर आत परवाचं पिवळं फूल, सुकून कागद झालेलं. काल पूजा राहिली होती. आणि दिवसभरात मला एकदाही आठवण झाली नव्हती. मी तशीच पलंगाकडे गेले आणि ह्यांच्या छातीकडे बघत उभी राहिले, पांघरूण वरखाली होतंय का. ह्यांनी एक डोळा उघडला. "जिवंत आहे. चहा टाक."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगितलं. पूजा राहिली हे सांगितलं, मग ते पत्रही, एवढ्या वर्षांनी. "मी वाचलं होतं ते," हे म्हणाले. "तुझ्याशी बोलायला हवं होतं. तू पूजेला बसलीस की तुझा चेहरा बघून धीर व्हायचा नाही." मग छताकडे बघत म्हणाले, "माझ्याआधी आईची दोन गेली. पोटातच. आजी तिला काय म्हणाली असेल, तुला काय वाटतं?"

मला हे माहीत नव्हतं. तीन महिने एका ओट्यापाशी उभ्या राहिलो आपण दोघी, आणि तुम्ही सांगितलं नाहीत. म्हणून हे पत्र लिहायला बसले. कुणी तुम्हाला सांगितलं नसेल, आणि मास्तरांसमोर मला लिहिता आलं नसतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. माझंही नाही. खंड पडला, सूर्य वर आला, ह्यांनी दोन कप चहा मागितला. पोटातला तो गोळा मी त्या खोलीतून उठताना शोधला, सापडला नाही. अजून सापडलेला नाही.

पूजा रोज करते, काळजी करू नका. गेल्या महिन्यात लेकीकडे दोन रात्री राहिले. देवाला तांदळात ठेवून गेले होते, तुमच्या नियमात बसत होतं.

ही पानं वहीतच राहतील. एकच राहिलं. त्या सकाळी चहा झाल्यावर मी पूजा केली, दूधसाखर ठेवली, फूल बदललं. पण चुकल्याची माफी मागितली नाही. गडबडीत विसरले, असं इथे लिहिणार होते. विसरले नव्हते.